४८ इंची घोडी, मोठ्या टांग्याचा जुना साज: मागं माणूस बसला की दांड्या वर उठतात

जिंतूर_वाट

नमस्कार मंडळी. टांग्यातलं कळणाऱ्यांनी जरा वेळ काढून बघावं.

घोडी गावठी, ५ वर्षांची. खांद्यावरच्या उंचवट्याशी ४८ इंच, छातीचा घेर १३६ सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १२४ सेंटिमीटर. लांब वाद्या धरून मागून पायी चालवणं, लाकूड ओढायला लावणं हे सगळं झालंय. ट्रॅक्टरला, मोटरसायकलला बुजत नाही.

गाडी चौकोनी पाइपाची, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली. चाकं मोटरसायकलची, १८ इंची रिम. रिकामं वजन ८५ किलो. सीटा टांग्यासारख्या पाठीला पाठ: पुढची आसाच्या ६ इंच पुढे, मागची १८ इंच मागे. दांड्या गाडीच्या पुढच्या कडेपासून ६६ इंच, दोन दांड्यांमधलं अंतर खोगिरापाशी २७ इंच. आसापासून दांडी अडकवायच्या वेढ्यापर्यंत ७५ इंच. साज मोठ्या टांग्याचा जुना आहे, जास्तीची भोकं पाडून लहान केलाय. पुठ्ठ्यांभोवतीचा मागचा पट्टा त्यात नव्हताच. ओढीचे पट्टे सरळ गाडीच्या चौकटीला हुकात अडकवलेत.

एकटा बसलो की ठीक चालतं. मागं कुणी बसलं की दांड्या वर उठतात आणि पोटपट्टा आवळतो. उतारावर गाडी घोडीच्या अंगावर येते, ती पुठ्ठे उचलते. छातीवर दोन्ही बाजूंनी केस उडालेत, डाव्या कोपरामागं कातडी लाल झालीय. आणि आता मान वर टाकायली.

साज बदलू का गाडी? सुरुवात कुठून करू?

आस_आणि_कुणी

मोजमापं दिलीत हे बरं केलंत, नाहीतर इथं सगळे फोटो टाकून "काय चुकलं सांगा" म्हणतात.

सुरुवात गाडीपासून. तुमची गाडी मागचा माणूस बसला की उलाळ (मागं जड) होते आणि तो उतरला की धुरजड (पुढं जड). म्हणजे ती कधीच सरळ चालत नाही. एकटे बसता तेव्हा "ठीक" वाटतं ते तुम्हाला, घोडीला नाही. हिशोब करून बघा.

रिकामी गाडी वेढ्यापाशी किती भरते ते तुम्ही दिलं नाही, ७ किलो धरतो. हाकणारा ७० किलोचा, आसाच्या ६ इंच पुढे: ७० गुणिले ६ म्हणजे ४२०, त्याला ७५ ने भागा, ५.६ किलो. एकूण १२.६ किलो घोडीच्या पाठीवर. आता मागं ६५ किलोचा माणूस १८ इंचांवर: ११७० भागिले ७५, म्हणजे १५.६ किलो उलट बाजूनं. १२.६ मधून १५.६ गेले, उणे ३. ते ३ किलो कुठं जातात? पोटपट्ट्यावर, खालून वर. घोडीला पोटाखालून उचलत चाललात तुम्ही.

यावर उपाय म्हणून लोक पायाशी दगड किंवा सिमेंटचं पोतं ठेवतात. तसलं करू नका. ओझं वाढतं आणि मागचा माणूस उतरला की गाडी दुप्पट धुरजड होते.

पाठीला पाठ सीटा काढून टाका. एकच आडवी सीट करा, दोघं पुढं तोंड करून शेजारी शेजारी. ती अशी बसवा की बसलेल्याची बेंबी बरोबर आसाच्या वर येईल. माणसाचं वजन साधारण तिथंच असतं, सीटच्या पाठीशी नाही. असं केलं की एक बसो वा दोन, दांडीवरचं वजन तेवढंच राहतं, रिकाम्या गाडीचं जे आहे ते. सीट दोन अँगलवर ठेवा, अँगलला दर दीड इंचाला भोक पाडा, म्हणजे पुढं-मागं सरकवता येते. हे काम वेल्डिंगवाल्याच्या अर्ध्या दिवसाचं.

किती वजन हवं? सपाट रस्त्यावर ५ ते ८ किलो, माणसं बसलेली असताना. मोजायचं असं: घोडी न जुंपता गाडी सपाट जागी उभी करा, माणसं बसवा, कापूस तोलायचा लटकता काटा वेढ्याच्या जागी दोन्ही दांड्यांना आडवा दोर बांधून लावा आणि दांड्या नेहमीच्या उंचीवर धरा. अंदाजानं हातानं उचलून कळत नाही. दहा किलो कुणालाही "हलकं" वाटतं.

जिंतूरकडून औंढ्याकडे जाणार असाल तर चढाचाही हिशोब हवा. बसलेल्या माणसाचं वजन आसाच्या वर असतं, तुमच्या गाडीत अंदाजे २८ इंच वर. दहाला एक असा चढ आला की ते २.८ इंच मागं सरकतं. दोघांचे १३५ किलो गुणिले २.८ भागिले ७५, म्हणजे ५ किलो. सपाटीला ७ असलेली गाडी चढाला २ आणि उताराला १२ होते. म्हणून सीट जितकी खाली तितकी बरी. पाय लटकत राहतील इतकी उंच सीट दिसायला झकास, चालायला वाईट.

जुंपल्यावर गाडीची तळफळी जमिनीला समांतर आहे का ते अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवून बघा. पुढं उचललेली असेल तर वेढे एक-दोन भोकं खाली घ्या.

दोन दांड्यांमधलं २७ इंच अंतर मोठ्या घोड्याचं आहे. तुमच्या घोडीच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना काठ्या उभ्या धरून रुंदी मोजा, १७-१८ इंचांच्या पुढं जाणार नाही. त्यात प्रत्येक बाजूला २ इंच मिळवा, २१-२२ झाले. जास्त रुंद असलं की वेढे बाहेर ओढले जातात, खोगिराच्या कडा बरगड्यांत रुततात आणि घोडी दांड्यांमध्ये तिरकी चालायला शिकते. लांबी मात्र बरोबर आहे: गाडीची कड ते पुठ्ठे १८ इंच, अधिक घोडीची लांबी ४९ इंच, म्हणजे ६७. दांडीचं टोक खांद्याच्या टोकाच्या एक इंच मागं राहतं. टोक त्याच्या पुढं कधी नको. वळताना वादी त्यात अडकते किंवा टोक मानेला लागतं.

आता चाकं. मोटरसायकलचं चाक दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं, तिचा आस त्या हिशोबानं बारीक असतो. तोच आस गाडीच्या एका बाजूला बाहेर काढून चाक लटकवलं असेल तर तो वाकणार, आणि एक दिवस तुटणार. चाकाच्या बाहेरूनही पट्टी आणून आस दोन्हीकडून धरा, किंवा सरळ ट्रॉलीचा जाड आस आणि बेअरिंगवाले हब टाका. मोटरसायकल वळताना कलते, गाडी कलत नाही, त्यामुळे वळणावर आऱ्यांवर आडवा जोर येतो. सगळ्या आऱ्या महिन्याला बोटानं वाजवून बघा. जी बद्द वाजते ती सैल.

जीनगर_आळी

वरच्या दादांनी गाडीचं सांगितलं ते सोळा आणे. साजाचं मी सांगतो.

पहिली गोष्ट: भोकं पाडून मोठा साज लहान होत नाही. पट्टा आखूड होतो, पण खोगिराचा साचा, छातीपट्ट्याची रुंदी, कड्यांची जागा हे मोठ्याचंच राहतं. कडी नको तिथं येते आणि तिथंच घासते. चामडं चांगलं असेल तर उसवून पुन्हा शिवून घ्या. वाळलेलं असेल तर बघायची रीत सोपी आहे: पट्टा उलटा दुमडा, दुमडीत चिरा दिसल्या की तो ओढीला वापरायचा नाही, बादलीला बांधा.

खोगीर. उंचवट्याच्या लगेच मागं, कण्याच्या दोन्ही अंगांना मांसावर टेकलं पाहिजे. मधोमध कण्यावर दोन बोटं सरळ आत गेली पाहिजेत, माणूस गाडीत बसलेला असताना, रिकाम्या वेळी नाही. दोन्ही गाद्यांत लोकर किंवा नमदा भरा, चिंध्या भरू नका. चिंध्यांचे गोळे होतात. घाम आल्यावर खोगीर काढून पाठ बघा. सगळी ओली आणि मधेच दोन कोरडे डाग असतील तर तिथं दाब जास्त पडायलाय.

तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा, कोपराच्या मागं चार बोटं. तुमचा लाल डाग डावीकडंच आहे, म्हणून डावं-उजवं मोजा. खोगिराच्या माथ्यापासून दोन्ही वेढ्यांपर्यंत दोरी लावा. जुन्या साजात एक बाजू ताणलेली असतेच, अर्धा-पाऊण इंच फरक सहज निघतो. तंग घट्ट, पण सपाट दोन बोटं जावीत. पोटपट्टा वेगळा, तो दांड्यांना धरतो. त्यात आडवी मूठ गेली पाहिजे. सपाटीला तो कधी ताणत नाही, दांड्या उसळल्या तरच. तो सारखा ताणायलाय म्हणजे गाडी उलाळ आहे, तो सैल करून रोग जात नाही.

दांडी ज्या पट्ट्याला लटकते तो पट्टा खोगिरावरून आरपार सरकता असावा, दोन्ही बाजूंना शिवून टाकलेला नको. एक चाक खड्ड्यात गेलं की एक दांडी खाली, एक वर होते. सरकता पट्टा ते सोसतो. शिवलेला असेल तर खोगीरच पिळवटतं. पांदीतून, काळ्या मातीच्या चाकोरीतून जायचं असेल तर हे लागतंच.

दुमची, म्हणजे खोगिरापासून शेपटीकडं जाणारा पट्टा. शेपटीच्या बुडख्याखालून जाणारा भाग गोल, मऊ, आत जवस भरून शिवलेला असावा. जवसाचं तेल हळूहळू चामड्यात मुरतं आणि ते मऊ राहतं. शेपटीचे सगळे केस बाहेर ओढून घ्या. एक केस अडकला तरी घोडी शेपूट दाबून धरते आणि मग लाथ. पुठ्ठ्यावर दुमचीच्या पट्ट्याखाली दोन बोटं.

छातीपट्टा. खांद्याच्या टोकाच्या वर आणि श्वासनळीच्या खाली, या दोहोंमध्ये. नेमकी जागा अशी सापडते: गळ्याच्या मुळाशी दोन्ही खांद्यांच्या मधली खळगी बोटानं चाचपा. पट्ट्याची वरची कड त्या खळगीच्या खाली. वर गेला तर चढाला घोडी घरघरते आणि मान वर टाकते. खाली आला तर पाऊल आखूड पडतं. ४८ इंचीला रुंदी अडीच इंच पुरे. आतून नमदा. नायलॉनचा पट्टा स्वस्त आहे, पण घामात त्याची कड सुरीसारखी लागते, अस्तर लावल्याशिवाय नको.

तुमचे छातीचे केस उडालेत ते छातीपट्ट्याच्या चुकीनं नाही, आडदांडी नाही म्हणून. घोडी चालते तेव्हा डावा खांदा पुढं, मग उजवा. ओढीचे पट्टे चौकटीला पक्के बांधले की पट्टा छातीवर जागेवर राहतो आणि खांदे त्याखाली रंधा मारल्यासारखे पुढं-मागं होतात. गाडीच्या पुढच्या कडेला मधोमध बोल्टवर फिरणारी २० इंची आडवी दांडी बसवा आणि ओढीचे पट्टे तिच्या टोकांना लावा. खांद्याबरोबर ती डुलते, छातीपट्टा खांद्यासोबत जातो. जमिनीपासून २२ ते २४ इंचांवर ठेवा. फार खाली ठेवली तर छातीपट्टा खाली ओढला जाऊन मानेवरचा पट्टा रुततो. बोल्टला नट घट्ट आवळून टाकणारे असतात, मग ती फिरत नाही आणि लोक म्हणतात आडदांडीनं काही फरक पडला नाही.

ओढीच्या पट्ट्यांची लांबी: घोडी ओढत असताना वेढे खोगिरावरून सरळ खाली लटकले पाहिजेत. मागं खेचले गेले तर ओढ खोगिरावर येतेय, पट्टे आखूड करा. पुढं खेचले गेले तर उलट. दोन्ही बाजू एका भोकावर.

मागचा पट्टा. तुमच्या अर्ध्या अडचणी इथं आहेत. तो नाही, म्हणून उतारावर गाडी थांबवतंय कोण? दांड्या पुढं सरकतात, वेढे आणि खोगीर पुढं ढकलतात, तंग कोपरात घुसतो. लाल डाग तिथूनच. पट्टा शेपटीच्या बुडख्यापासून एक वीत खाली, जमिनीला समांतर. वर गेला तर शेपटीखाली चढतो, फार खाली गेला तर उतारावर मागचे पाय उचलून टाकतो, घोडी बसते. घोडी ओढत असताना पुठ्ठा आणि पट्टा यांच्यात उभी चार बोटं. तिथून दोन्ही बाजूंच्या वाद्या दांडीला खालून लोखंडी नाळ्यांत बांधा. नाळी दांडीला वेल्ड करून घ्या, नुसती वादी गुंडाळली तर ती उतारावरच सरकते, तेव्हाच कामाची असते.

तोंडातलं कडियाळं. जुना साज म्हणजे कडियाळं साडेपाच इंची असणार. घोडीच्या ओठांच्या कोपऱ्यांत काडी आडवी धरून खूण करा, तेवढं अधिक प्रत्येक बाजूला पाव इंच. या अंगाच्या घोडीला साधारण साडेचार-पावणेपाच. मोठं असलं की एका बाजूला सरकतं, मधला सांधा टाळूला टोचतो, मान वर जाते. उंची अशी की ओठाच्या कोपऱ्यात एक सुरकुती. दोन-तीन सुरकुत्या म्हणजे ताणलंय, एकही नाही म्हणजे दातांवर आपटतंय. काटेरी कडियाळं जुन्या साजाबरोबर आलं असेल तर ते फेकून द्या, गुळगुळीत घ्या.

झापडांच्या मधोमध डोळा आला पाहिजे, पापणी कुठं टेकायला नको. पापणी घासली तरी घोडी मान झटकते आणि लोक कडियाळ्याला दोष देतात. गळ्याखालच्या वादीत चार बोटं उभी.

जिंतूर_वाट

दोघांचेही आभार. काटा लावला: रिकामी गाडी वेढ्यापाशी ८ किलो, एकटा बसून १३ च्या वर, दोघं बसलो की काटा शून्यावर, दांड्या आपोआप वर. पोटाची रुंदी १७ इंच. डावा वेढा पाऊण इंच खाली निघाला. कडियाळं ५ इंच ४ सूत, म्हणजे साडेपाच इंच, आणि हो, आतल्या बाजूनं दातेरी आहे.

दोन प्रश्न. छातीचे केस उडालेत तेवढ्यावर मलमपट्टी करून चालवलं तर चालेल का? आणि दोन मोठी माणसं या घोडीला जास्त होतात का?

पशुवैद्य_बालाघाट

चालवू नका. केस उडालेले म्हणजे कातडीचा वरचा थर गेलेला. चार-पाच दिवस पट्टा लावलाच नाही तर तो भरून येतो. तसंच चालवलं तर जखम होते, जखम भरली की जाड घट्टा येतो आणि पुढं प्रत्येक साज तिथंच घासतो. उकळून गार केलेल्या पाण्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ, त्यानं धुवा, कोरडं करा, उघडं ठेवा. गाडीचं काळं ऑइल लावू नका, बऱ्याच ठिकाणी लावतात. धनुर्वाताची लस झालेली नसेल तर ती आधी. घोडा या रोगाला फार हळवा असतो, साजाची जखम किंवा खुरात गेलेला खिळा पुरतो.

वजनाचं गणित: घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सेंटिमीटरमध्ये, भागिले ११८८०. १३६ × १३६ × १२४ भागिले ११८८० म्हणजे घोडी १९३ किलोची. तुमची गाडी ८५ आणि दोन माणसं १३५, मिळून २२०. डांबरी सपाट रस्ता, हवा भरलेली चाकं, चांगली बेअरिंग असतील तर धडधाकट तट्टू हे चालीनं ओढू शकतं, पण पहिले दोन महिने एकूण ओझं तिच्या स्वतःच्या वजनाच्या खाली ठेवा, म्हणजे एकच माणूस. कच्च्या रस्त्याला, पावसाळी काळ्या मातीत त्याच्या निम्मं. त्या चिखलात चाक रुतलं की ओढ कितीतरी पटीनं वाढते, आणि तिला पाय टेकायला घट्ट जमीन नसते. गाडीचे ८५ किलो कमी करता आले तर बघा. जाड पाइप वापरलेला दिसतो.

केंद्र सरकारचे ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम आहेत. त्यात काटेरी कडियाळ्याला मनाई आहे, दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि ३७ अंशांच्या वर तापमान असलेल्या भागात दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. आपल्याकडं मार्चअखेरपासून पाऊस पडेपर्यंत ही अट रोजचीच. मी म्हणेन एप्रिल-मेमध्ये सकाळी ९ नंतर जुंपूच नका. पाणी घोडीपुढं सतत असू द्या, काम करून आल्यावर थोडं थोडं पण लगेच. दाण्यात रोज २५-३० ग्रॅम मीठ.

मान वर टाकणं कडियाळं बदलून दहा-बारा दिवसांत थांबलं नाही तर दात तपासून घ्या. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडांना धार येते, ती गालाला कापते, कानसनं घासावी लागते. पाच वर्षांचं वय म्हणजे दुधाचे शेवटचे दात नुकतेच पडलेत, तेही बघावं लागतं.

लोहा_माळेगाव

जीनगर भाऊंचं बाकी सगळं कबूल, आडदांडीचं नाही. जुन्या टांग्यांना आडदांडी कुठं होती? पट्टे सरळ पाट्यांपाशी हुकात. घोडे वीस-वीस वर्षं चालले. आणि झापडं शिकलेल्या घोडीला कशाला? माळेगावच्या यात्रेत बिनझापडांची किती जनावरं गाडीला दिसतात.

जीनगर_आळी

भाऊ, ज्या टांग्यांना आडदांडी नव्हती त्यातल्या बऱ्याच घोड्यांच्या गळ्यात छातीपट्टा नव्हता, मानेभोवतीचा जाड भरलेला गळपट्टा होता. तो दोन्ही खांद्यांच्या पुढच्या उतारावर टेकतो, ओढ तिथं बसते, खांद्याचं टोक मोकळं राहतं. त्याला आडदांडी नसली तरी चालतं. पण गळपट्टा त्या त्या घोड्याच्या मापाचा लागतो, घोडा बारीक-जाड झाला की बदलावा लागतो, म्हणून तो मागं पडला आणि छातीपट्टा आला. छातीपट्टा आला, पण गाडी तीच राहिली. त्यातल्या घोड्यांच्या छातीवर पांढरे केस उगवलेले बघितले असतील. ते जुन्या जखमांचेच.

झापडांचं तुमचं मान्य, घोडीवर आहे. पण एक सांगतो: झापडं लावून शिकलेल्या घोडीची झापडं रस्त्यावर एकदम काढायची नाहीत. मागं फिरणारं चाक ती पहिल्यांदा बघते. काढायचीच असतील तर आधी गाडी न जुंपता, कुणीतरी रिकामी गाडी तिच्या मागून-बाजूनं ओढत न्यायची, चार-सहा दिवस.

आस_आणि_कुणी

दुरुस्त्या झाल्यावर पहिल्यांदा जुंपताना क्रम चुकवू नका, म्हणून लिहितो.

घोडी बांधलेली असताना साज चढवा: छातीपट्टा, मग खोगीर, दुमची, मागचा पट्टा, तंग, सगळ्यात शेवटी म्होरकी (डोक्यावरचा साज, झापडं त्यालाच असतात) आणि कडियाळं. वाद्या खोगिराच्या कड्यांतून ओवून खोगिरावर अडकवून ठेवा. मग घोडीला सोडून सपाट जागी न्या, एक माणूस तिच्या तोंडाशी. घोडीला मागं ढकलत दांड्यांत घालू नका. गाडी मागून हळू आणा, दांड्या उचललेल्या, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी खाली करत वेढ्यांत सरकवा. आधी ओढीचे पट्टे लावा, मग मागचा पट्टा, मग पोटपट्टा. ओढीचे पट्टे आधी का? घोडी मधेच पुढं निघाली तर गाडी तिच्यासोबत येते. नुसत्या वेढ्यांत लटकत मागं राहून फरफटत नाही.

सोडताना उलटं: पोटपट्टा, मागचा पट्टा, शेवटी ओढीचे पट्टे, आणि गाडी मागं ओढून घ्या. घोडी दांड्यांत असताना म्होरकी काढायची नाही. घाम पुसायला, पाणी पाजायला, कशालाही नाही. बहुतेक वाईट अपघात इथंच होतात: म्होरकी निघाली, झापडं गेली, तिला मागं गाडी दिसली, आणि हातात धरायला काही नाही.

पहिल्या दिवशी गाडीत कुणी बसू नका. हाकणारा बाजूनं पायी, वीस मिनिटं, दोन डावी वळणं, दोन उजवी, थांबणं, पुन्हा निघणं. परत आल्यावर साज काढायच्या आधी प्रत्येक पट्ट्याखाली हात घाला. गरम आणि ओलं सगळीकडं सारखं लागलं पाहिजे.

डांबरी रस्त्यावर चालवणार म्हणजे नाल लागणार. नालबंद शोधताना खुराला नाल बेतून देणारा बघा, नालेला खूर कापून बसवणारा नको. दर ५-६ आठवड्यांनी काढून पुन्हा.

जिंतूर_वाट

सीट आडवी करून आसावर आणतो, आडदांडी आणि नाळ्या या आठवड्यात वेल्ड करून घेतो. दांड्या बोल्टवर आहेत, त्या आत घेऊन २१ इंचांवर आणतो. चाकाच्या बाहेरच्या पट्टीचं विचारायचं होतं: बोल्ट ढिला होऊ नये म्हणून नुसता डबल नट पुरेल?

आस_आणि_कुणी

नाही. खाचेचा नट आणि आरपार स्प्लिट पिन घाला, पिनेचे दोन्ही पाय वाकवून. बैलगाडीच्या आसाला कुणी (चाक निसटू नये म्हणून घालायची खीळ) का असते तेच कारण. निघताना दोन्ही चाकांच्या पिना हातानं चाचपायच्या, रोज.